योकोझुना जपानी नव्हता: कुस्तीच्या रिंगणातले उसने देश

योकोझुना जपानी नव्हता. नव्वदच्या दशकात इंदुरात शाळेत असलेल्या कुणालाही हे वाक्य आजही थोडं लागेल. रामबागेत काय नि लोकमान्यनगरात काय, मधली सुट्टी झाली की दप्तरातून डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्ती कंपनीच्या मल्लांचे पत्ते निघायचे. उंची, वजन, छाती, दंड, रँक. वजनावर खेळायचं ठरलं की योकोझुनाचा पत्ता ज्याच्या हाती, डाव त्याचा. आणि केबलवर तो दिसायचाही तसाच: सुमोचं लंगोट, रिंगणात उधळायला मूठभर मीठ, शेजारी जपानी झेंडा धरलेला मिस्टर फुजी. शंका यायला जागाच नव्हती. प्रत्यक्षात हा रॉडनी अनोआई, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, सामोअन वंशाच्या अमेरिकन घराण्यातला. मिस्टर फुजीही हवाईचा, म्हणजे अमेरिकनच.

बाकीच्यांचं ऐका. सामन्याआधी सोव्हिएत राष्ट्रगीत म्हणणारा निकोलाय व्होल्कॉफ हा आज क्रोएशियात असलेल्या स्प्लिट शहरातला. युगोस्लाव्हियातली कम्युनिस्ट राजवट सोडून पळालेला. ‘युगांडाचा राक्षस’ कमाला म्हणजे मिसिसिपीचा जेम्स हॅरिस. ‘सुदानचा वेडा’ अब्दुल्ला द बुचर कॅनडातल्या विंडसरचा. आणि ‘बॉम्बे, इंडिया’ अशी घोषणा ज्याच्या नावाआधी व्हायची तो साबू मिशिगनमध्ये वाढलेला, लेबनीज वंशाच्या घरातला.

लबाडी आहे का? आहे. पण ती इतकी जुनी नि इतकी फायद्याची आहे की तिचं यंत्र नीट समजून घ्यावं.

आधी मुळातली गोष्ट. टीव्हीवरच्या या कुस्तीत कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. आदळणं, लागणं, हाडं मोडणं खरं, निकाल ठरवून. आमच्याकडे टीव्हीसमोरून जाता जाता मोठी माणसं ‘अरे, नूरा कुस्ती आहे ती’ असं म्हणायची आणि तरी दोन मिनिटं उभी राहून बघायची. त्या दोन मिनिटांतच सगळी मेख आहे. ठरलेला निकाल बघायला माणूस तिकीट काढतो तो कोण जिंकेल या कुतूहलापोटी नव्हे. कुणीतरी जिंकावं, आणि त्याहून जास्त, कुणाचा तरी माज उतरावा असं त्याला वाटत असतं.

आपल्याकडच्या आखाड्यातल्या कुस्तीत कुणाची बाजू घ्यायची हा प्रश्न येत नाही. अनंत चतुर्दशीला इंदुरात गिरण्यांच्या झांक्यांबरोबर आखाडे निघतात तेव्हा रस्त्याकडेचा माणूस आधीच कुणाचा तरी असतो. हा अमुक उस्तादांचा पठ्ठ्या, तो तमुक आखाड्याचा. मामा तिथं जोर मारायला जायचे, म्हणून आपण त्या बाजूचे. बाजू घरून ठरवून येते. अमेरिकेतल्या कुस्तीच्या कंपन्या मात्र फिरत्या. आज या शहरात, उद्या त्या. हॉलमध्ये बसलेल्या माणसाला दोन्ही मल्ल अनोळखी असू शकतात, आणि दहा मिनिटांत त्याला एकावर प्रेम नि दुसऱ्यावर राग बसायला हवा. त्यासाठी सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे देश. झेंडा दाखवा, परक्या भाषेत दोन वाक्यं बोला, प्रेक्षकांच्या राष्ट्रगीताचा अपमान करा. काम झालं.

धंद्यातले तीन-चार शब्द कानावर असू द्या. लाडका नायक तो ‘बेबीफेस’, खलनायक तो ‘हील’. हीलनं लोकांचा जो राग ओढवून घ्यायचा तो ‘हीट’, आणि हीच त्याची कमाई; ज्याची हुर्यो उडत नाही तो हील घरी बसतो. आणि हे सोंग रिंगणाबाहेरही, हॉटेलात, विमानतळावर, सोडायचं नाही या दंडकाला म्हणतात ‘केफेब’. हा दंडक किती कडक होता याचा मासला १९८७चा आहे. इराणचा कट्टर अभिमानी आयर्न शेख आणि अमेरिकेचा झेंडा घेऊन फिरणारा जिम डगन हे त्या वेळचे हाडवैरी. न्यू जर्सीत पोलिसांनी एक गाडी अडवली, तर आत हे दोघे बरोबर. गाडीत अमली पदार्थही सापडले, दोघांची नोकरी गेली. पण कंपनीला जास्त झोंबलं ते हे वैरी एकाच गाडीतून चालले होते याचं, असं मला वाटतं. पुढं दोनच वर्षांत, १९८९ला, त्याच न्यू जर्सीच्या सिनेटपुढं कंपनीनं स्वतः कबूल केलं की हा खेळ नसून करमणूक आहे. कारण साधं: खेळ म्हटलं की क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर आले.

पट्टा पोचवणारा परदेशी

आता या यंत्राचा माझा सगळ्यात आवडता भाग. परदेशी खलनायक नुसता हुर्यो ऐकायला नसतो. त्याला एक ठरावीक कामगिरी असते.

१९६३पासून न्यूयॉर्कच्या कंपनीचा, म्हणजे पुढच्या डब्ल्यूडब्ल्यूएफचा, विजेतेपदाचा पट्टा ब्रुनो सॅमार्टिनोकडे होता. इटलीतल्या पिझोफेराटो गावचा, लहानपणी नाझींपासून डोंगरात लपून जगलेला, मग अमेरिकेत आलेला. न्यूयॉर्कच्या इटालियन कष्टकऱ्यांचा तो जीव की प्राण. जवळपास आठ वर्षं पट्टा त्याच्याच कमरेला. पुढचा विजेता करायचा होता पेद्रो मोरालेसला. तो पोर्तो रिकोचा, आणि त्या शहरात पोर्तो रिकन वस्ती मोठी. पण अडचण बघा. दोन लाडके समोरासमोर आणले तर हॉल दुभंगतो. जो जिंकेल त्याच्यावर अर्धी माणसं कायमची रुसतात.

म्हणून मध्ये एक ‘रशियन’ घातला. १८ जानेवारी १९७१ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आयव्हन कोलोफनं ब्रुनोला चीत केलं. हॉल इतका गप्प झाला की आपल्या कानांना काही झालं की काय असं ब्रुनोला वाटलं. हे तो पुढं अनेकदा सांगायचा. बरोबर तीन आठवड्यांनी, ८ फेब्रुवारीला, मोरालेसनं कोलोफला हरवलं. ब्रुनोचं दुःख आणि पेद्रोचा आनंद, दोन्ही खरे, आणि एकाचा राग दुसऱ्यावर नाही. सगळा राग त्या रशियनावर. तो रशियन म्हणजे कॅनडाचा ओरियल पेरास.

तेरा वर्षांनी हीच चाल पुन्हा. २६ डिसेंबर १९८३ला आयर्न शेखनं बॉब बॅकलंडकडून पट्टा घेतला. बॅकलंडनं हार मानली नव्हती. त्याच्या मॅनेजरनं टॉवेल फेकला, म्हणजे नायकाची अब्रूही शाबूत. चार आठवड्यांनी, २३ जानेवारी १९८४ला, हल्क होगननं शेखला पाडलं आणि ज्याला पुढं ‘हल्कामेनिया’ म्हटलं गेलं ते सुरू झालं. आपल्या दसरा मैदानावरचा रावण जसा जाळण्यासाठीच उंच करतात, तसा शेख चार आठवड्यांसाठी उंच केला होता. इराणमध्ये अमेरिकन ओलिसांना ४४४ दिवस डांबून ठेवल्याचं प्रकरण संपून जेमतेम तीन वर्षं झाली होती. वेगळं काही समजावून सांगायची गरजच नव्हती.

शेखबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण सोंगाच्या आत हा माणूस अस्सल होता. होसैन खोस्रो अली वझिरी, जन्म १९४२, दामघान, इराण. हौशी कुस्तीतला पक्का मल्ल. १९७१ला अमेरिकेतली राष्ट्रीय ग्रीको-रोमन स्पर्धा जिंकलेला, नंतर अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाचा सहायक प्रशिक्षक. रिंगणात तो लाकडी मुद्गलं घेऊन यायचा आणि समोरच्याला म्हणायचा, फिरवून दाखव. इराणच्या झूरखान्यातली, म्हणजे तिथल्या जुन्या तालमीतली, ही मुद्गलं ‘मील’ नावानं ओळखली जातात आणि आपल्या तालमीतल्या मुद्गलांशी त्यांचं जवळचं नातं आहे. ज्यानं कधी जोडी फिरवली आहे त्याला टीव्हीवर ते बघताना कळायचं की या माणसाचे खांदे खोटं बोलत नाहीत. अमेरिकन प्रेक्षकाला ते फक्त परदेशी विचित्रपण दिसायचं. आणि गंमत म्हणजे १९७९च्या सुमाराला याच कंपनीत तो ‘हुसेन अरब’ या नावानं खेळत होता. इराणी माणूस अरब नसतो, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

म्हणजे मल्लाचा देश मल्लाचा नसतोच. तो तिकीट काढणाऱ्याचा असतो: त्याला या घडीला कुणाची भीती वाटते, कुणाचा मत्सर वाटतो, कोण आपलंसं वाटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ‘जर्मन’ मल्लांचं पीक आलं. त्यातला फ्रिट्झ व्हॉन एरिक हा टेक्सासचा जॅक ॲडकिसन. पुढं टेक्सासमध्ये त्याची मुलं घरोघरची लाडकी झाली, आणि नाझी सोंगासाठी घेतलेलं ‘व्हॉन एरिक’ हे आडनाव टेक्सासच्या अभिमानाचं झालं. जपानी मोटारी नि टीव्हींनी अमेरिकन बाजार व्यापला त्या काळानंतर, १९९३ला, योकोझुना विजेता झाला. ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, न्यूयॉर्कमध्ये इंट्रेपिड या युद्धनौकेवर त्याला उचलून आपटण्याचं आव्हान ठेवलं आणि हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या लेक्स ल्यूगरनं ते पेललं. युद्धनौका! सूक्ष्मपणा हा या धंद्याचा गुण कधीच नव्हता.

कधी कधी बातमी फारच लवकर शिळी होते. जानेवारी १९९१ला आखाती युद्ध पेटलं, त्याच आठवड्यात सार्जंट स्लॉटर विजेता झाला. हा आधीचा देशभक्त सैनिक. आता इराकच्या बाजूचा फितूर. त्याच्याबरोबर जनरल अदनान आणि कर्नल मुस्तफा. मुस्तफा म्हणजे आपला आयर्न शेखच, इराणचा इराकी होऊन आलेला. इराण-इराक युद्ध संपून तीन वर्षंही झाली नव्हती, पण असो. अदनान मात्र खरा बगदादचा, सद्दाम हुसेनच्या शाळेच्या दिवसांतल्या ओळखीतला. हा खरा इराकी १९७०च्या दशकात याच कंपनीत बिली व्हाइट वुल्फ नावानं अमेरिकेतला मूलनिवासी म्हणून खेळला होता, आणि त्याचा जोडीदार चीफ जे स्ट्राँगबो, डोक्याला पिसं लावलेला, मूळचा इटालियन-अमेरिकन जो स्कार्पा. १९७६ला या दोन ‘मूलनिवासीं’नी जोडीचा पट्टाही जिंकला. तर, होगननं स्लॉटरला हरवलं २४ मार्चला. खरं युद्ध फेब्रुवारीच्या अखेरीसच थांबलं होतं.

आरशाच्या पलीकडून

हे फक्त अमेरिकेचं खूळ नाही. उलट सगळ्यात परिणामकारक उदाहरण जपानचं आहे.

फेब्रुवारी १९५४. युद्ध हरून नऊ वर्षं झालेली, टीव्ही नुकता आलेला, घरोघरी तो परवडत नव्हता म्हणून चौकाचौकांत टीव्ही लावलेले. त्यावर रिकिदोझान नावाचा माजी सुमो मल्ल शार्प बंधू या धिप्पाड गोऱ्यांना हाताच्या फटक्यांनी लोळवतो. चौकांत माणसं मावत नव्हती. रिकिदोझान राष्ट्राचा नायक झाला. १९६३ला त्याची डिस्ट्रॉयर नावाच्या मल्लाशी झालेली लढत तर जपानच्या टीव्ही इतिहासात सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या कार्यक्रमांपैकी एक. आता आतली गोष्ट. अमेरिकन म्हणून जे लोळले ते शार्प बंधू कॅनडाचे. आणि जपानची मान ज्यानं वर केली तो रिकिदोझान कोरियन, जन्म आज उत्तर कोरियात असलेल्या भागातला. जपानमध्ये कोरियन माणसाकडे कसं बघितलं जायचं हे त्याला पुरेपूर माहीत होतं. आपलं मूळ त्यानं झाकून ठेवलं. डिसेंबर १९६३ला एका क्लबमधल्या भांडणात त्याला सुरा लागला आणि आठवड्याभरात तो गेला.

त्याचा शिष्य अंतोनियो इनोकी. त्याला जपानमध्ये घाम फोडणारा खलनायक होता टायगर जीत सिंग: पंजाबचा, कॅनडात स्थायिक, डोक्याला फेटा, तोंडात आडवी धरलेली तलवार. १९७३ला टोकियोच्या शिंजुकू भागात भर रस्त्यात त्यानं इनोकीवर हल्ला केला आणि वर्तमानपत्रांनी ती खरी मारामारी म्हणून छापली. जपानी पोरं ज्याला घाबरायची, त्याच माणसाच्या नावानं आज कॅनडात मिल्टन गावात सरकारी शाळा आहे.

आपल्याकडे या प्रकाराला ‘फ्री स्टाइल’ म्हणत आणि त्याचा चेहरा होता दारासिंग. अमृतसरजवळच्या धर्मूचकचा, सिंगापूरला कामाला गेला नि तिथं मल्ल झाला. त्याच्यासमोर उभा करायचा तो किंग काँग, म्हणजे हंगेरीचा एमिल झाया. स्वातंत्र्य नवं होतं, गोरा माणूस आडवा होताना बघायला माणसं पैसे मोजून यायची, यात नवल काय? २९ मे १९६८ला मुंबईत दारासिंगनं अमेरिकेच्या लू थेझला हरवलं तेव्हा तर घराघरांत तीच चर्चा. ठरवून का असेना.

इथं गामाचं नाव निघतंच, पण गामाला या रांगेत बसवू नये. दतिया आणि पतियाळा दरबारच्या आश्रयाचा हा मल्ल १९१०ला लंडनला गेला, १० सप्टेंबरला पोलंडच्या झिबिस्कोशी अडीच तासांवर बरोबरीत सुटला, आणि आठवड्यानं झिबिस्को आलाच नाही. १९२८ला पतियाळ्यात गामानं त्याला मिनिटाच्या आत आस्मान दाखवलं. ती खरी कुस्ती. देश तिला लोकांनी चिकटवला, प्रमोटरनं शिवून दिला नव्हता. फाळणीनंतर गामा लाहोरला राहिला आणि आता दोन्ही देश त्याला आपला म्हणतात.

नायक नि खलनायक हे रिंगणावर नव्हे तर हॉल कुठल्या गावात आहे त्यावर ठरतं, हे १९९७ला ब्रेट हार्टनं स्वच्छ दाखवलं. अमेरिकेत तो अमेरिकेला नावं ठेवायचा आणि हुर्यो खायचा. सीमा ओलांडली की कॅनडात तेच बोलणं, आणि टाळ्यांचा कडकडाट. ६ जुलैला त्याच्या गावी, कॅलगरीत, पाच जणांची ‘कॅनडा’ फळी उतरली. त्यात कॅनडाचे दोनच, ब्रेट आणि त्याचा भाऊ ओवेन. एक इंग्रज, दोघे चक्क अमेरिकन. कॅलगरीला काही फरक पडला नाही.

फरक पडतो तो सोंग घालणाऱ्याला, आणि ज्यांचं सोंग घातलं त्यांना. डिसेंबर २००४ला मोहम्मद हसन हे पात्र आलं: अमेरिकेतला अरब, तक्रार अशी की ११ सप्टेंबरनंतर सगळे मला दहशतवादी समजतात. तक्रार रास्त होती! पण ती खलनायकाच्या तोंडी घातली, म्हणजे प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवायची. पुढं बुरखेधारी माणसं आणून त्यानं अंडरटेकर या मल्लावर हल्ला करवला. ४ जुलै २००५ला चित्रित झालेला तो भाग ७ जुलैला, लंडनच्या बॉम्बस्फोटांच्याच दिवशी, दाखवला गेला. वाहिनीनं हात वर केले, महिन्याच्या आत पात्र संपलं. ते वठवणारा मार्क कोपानी इटालियन वंशाचा. तो कुस्ती सोडून पुढं शिक्षक झाला. कमालाचं तर मला बघवत नाही. मिसिसिपीत गरिबीत वाढलेला काळा माणूस, अंगावर रंगानं चंद्रतारे काढून, इंग्रजी न कळल्याचं नाटक करत आयुष्यभर ‘जंगली’ झाला.

आणि आपण? २०१७ला डब्ल्यूडब्ल्यूईला (डब्ल्यूडब्ल्यूएफचंच नवं नाव) भारताचा बाजार खुणावत होता. २१ मेला जिंदर महालनं रँडी ऑर्टनला हरवून पट्टा घेतला. पगडी, ‘महाराजा’ हे बिरुद, मागे दोन सिंग बंधू. जिंदर कॅलगरीचा, सिंग बंधूही कॅनडाचेच. त्याचा काका गामा सिंग हाही मल्ल. पंजाबात जन्मलेला असून कॅलगरीत त्याच्या टोळीचं नाव होतं ‘कराची व्हाइस’. हा सगळा घाट भारतासाठी, तरी अमेरिकेत जिंदर खलनायकच, कारण तिथल्या हॉलला तो परकाच. एकाच सोंगाकडून दोन बाजारांत दोन कामं करून घ्यायची होती. ते जमलं नाही. ७ नोव्हेंबरला त्याचा पट्टा मँचेस्टरला एजे स्टाइल्सकडे गेला. महिन्याभरानं, ९ डिसेंबरला, दिल्लीत कंपनीचा मोठा कार्यक्रम झाला. ज्या गर्दीसाठी महाराजा घडवला, तिच्यासमोर तो ट्रिपल एच या मल्लाकडून हरला.

त्यानंतर आले वीर महान आणि सांगा. वीर म्हणजे उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा रिंकू सिंग, आधी अमेरिकेत बेसबॉल खेळलेला. कपाळाला त्रिपुंड, गळ्यात रुद्राक्ष. सांगा म्हणजे सौरव गुर्जर, आपल्या मध्य प्रदेशातल्या ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याचा, टीव्हीवरच्या ‘महाभारता’त भीम झालेला. हे दोघे निदान खरोखर भारतीय होते. पण त्यांच्याकडून बोलवून काय घेतलं? फारसं काही नाही. गुरगुरणं, आरडाओरड, समोरच्याला आपटणं. एप्रिल २०२४ला कंपनीनं जिंदर, वीर आणि सांगा तिघांनाही एकदमच मोकळं केलं.

आता इंटरनेटमुळं कोण कुठला हे दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं, तेव्हा उसना देश खपवणं अवघड झालं आहे. गुंथर ऑस्ट्रियाचा आहे तर ऑस्ट्रियाचाच म्हणून येतो, ड्रू मॅकिंटायर स्कॉटलंडचा म्हणून, आणि जपानची असुका मनाला येईल तेव्हा खुशाल जपानीत बोलते, भाषांतराशिवाय. हॉलला त्यातलं अक्षर कळत नाही, पण राग नेमका पोचतो. योकोझुनाला बोलायची वेळ यायची तेव्हा माइक मिस्टर फुजीच्या हातात असायचा.